काच दिसते, तिला धरणारं दिसत नाही

रविवारी संध्याकाळी लिटिल इंडियात पाय ठेवायला जागा नसते. टेक्का सेंटरमधून शेवगा, कढीपत्ता, ओला नारळ घ्यायचा, कॅम्पबेल लेनवर बायकोला गजरा घ्यायचा आणि सेरंगून रोडवरच्या कोमल विलासमध्ये डोसा खाऊन घरी जायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. मागे अशाच एका रविवारी दोन्ही हातांत पिशव्या असताना फोन वाजला. पुण्याहून दादाचा फोटो होता. फूटपाथवर काचेच्या बारीक खड्यांचा सडा, त्यात आडव्या झालेल्या दोन स्कूटर. खाली दादाने लिहिलं होतं, "आपल्या बिल्डिंगची काच पडली. पाचव्या मजल्यावरून. नशीब, खाली माणूस नव्हता. तू तिकडे हेच काम करतोस ना? बघून सांग."

मी खरंच हेच काम करतो. इमारतींच्या दर्शनी भागाचा, म्हणजे बाहेरून जे दिसतं त्याचा मी इंजिनियर. काच, अॅल्युमिनियम, दगडी लाद्या, आणि या सगळ्यांना इमारतीशी बांधून ठेवणारे ब्रॅकेट, बोल्ट, स्क्रू, सिलिकॉन. पण दादाने 'आपल्या' म्हटलं ते उगाच नाही. त्याचं टॅक्सच्या कामाचं ऑफिस त्या इमारतीत आहे आणि त्या ऑफिसात निम्मे पैसे माझे आहेत. परदेशात राहणाऱ्या बहुतेकांचं असं काही ना काही गावाकडे असतंच. कुणाचा गाळा, कुणाचा फ्लॅट, कुणाचे आईवडील. म्हणून हा विषय आपल्या सगळ्यांचा.

मी दादाला एकच प्रश्न विचारला, "काचेबरोबर अॅल्युमिनियमची पट्टी पण खाली आली का?" अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला. पट्टी आली होती. तिच्यातले स्क्रू गंजून त्यांची डोकी झडली होती. तो फोटो पाहून माझी भूक गेली. का, ते समजायला काचेची भिंत उभी कशी राहते, ते आधी थोडं सांगावं लागेल.

वजन थोडं, वारा फार

लोकांना वाटतं, काचेचा प्रश्न तिच्या वजनाचा आहे. वजन असतंच. दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, हा काचेचा साधा हिशेब. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचा मिळून केलेलं दीड मीटर रुंद, तीन मीटर उंच तावदान घेतलं, तर ते १३५ किलोच्या आसपास भरतं. दोन धट्टीकट्टी माणसं. हे वजन खालच्या बाजूला दोन छोट्या ठोकळ्यांवर बसवलेलं असतं.

खरी परीक्षा वाऱ्याची. आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, प्रत्येक शहराचा मूळ वेग दिला आहे. मुंबईला सेकंदाला ४४ मीटर, पुण्याला ३९. मुंबईचा वेग म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. या वेगाने वारा आपटला, तर चौरस मीटरवर साधारण ११८ किलोचा दाब येतो. आपल्या तावदानावर ५३० किलो. पुण्याचा हिशेब केला तरी ४२० किलो होतात. आणि वारा फक्त ढकलत नाही. इमारतीला वळसा घालून जाताना तो बाजूच्या काचांना बाहेर ओढतो, आणि कोपऱ्यांवर ही ओढ सगळ्यात जास्त असते. छत्री उलटी होते तशीच ही गत. म्हणून वादळात काचा पुष्कळदा आत न येता बाहेर जातात. खाली रस्ता असतो.

आता ही ओढ धरतं कोण? पद्धती अनेक आहेत. सगळ्यात जुनी आणि आपल्याकडे सर्वात जास्त दिसणारी म्हणजे जागेवर उभारलेला अॅल्युमिनियमचा सांगाडा. उभ्या-आडव्या पट्ट्या, त्यांच्यात काच, आणि बाहेरून स्क्रूने आवळलेली एक दाबपट्टी. त्या दाबपट्टीवर शोभेची टोपी बसवली की स्क्रू झाकले जातात. दुसरी पद्धत कारखान्यात तयार केलेल्या अखंड चौकटींची. त्या क्रेनने उचलून स्लॅबच्या कडेला बसवलेल्या ब्रॅकेटवर भिंतीवरच्या तसबिरीसारख्या टांगायच्या. तिसरीत बाहेरून पट्टीच दिसत नाही, काच नुसती सिलिकॉनने चिकटवलेली असते. ऐकून घाबरायला होतं, पण हिशेब पक्का आहे. आपल्या तावदानाची ५३० किलोची ओढ धरायला चारी बाजूंनी साडेसहा मिलिमीटर रुंदीची सिलिकॉनची पट्टी पुरते. करंगळीच्या नखापेक्षाही कमी. उंची वाढली की पट्टी रुंद करायची. चौथी पद्धत कोळ्याच्या पायांसारख्या पोलादी पंजांची, ज्यात काचेला भोकं पाडून बोल्टने धरतात. आणि पाचवी, ताणलेल्या पोलादी दोरांची. तिच्याकडे शेवटी येतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. काच इमारतीला घट्ट जखडून चालत नाही. ऊन पडलं की अॅल्युमिनियम काचेच्या अडीच पट फुगतं. साडेतीन मीटरच्या मजल्यात तापमान ४० अंशांनी बदललं, तर अॅल्युमिनियम सव्वातीन मिलिमीटर वाढतं आणि काच जेमतेम सव्वा. मधले दोन मिलिमीटर रबराच्या गॅस्केटने आणि सिलिकॉनने रोज गिळायचे. वर्षानुवर्षं, दिवसातून दोनदा. रबर कडक झालं, पाणी आत शिरलं, स्क्रू गंजला, की साखळीतला एक दुवा गेला. आणि हे सगळं टोपीच्या मागे होतं. रस्त्यावरून इमारत नवीनच दिसते.

काच स्वतःहून फुटते, हेही खरं आहे. टफन्ड काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेला, तर काही वर्षांनी ती अचानक फुटू शकते. म्हणून चांगल्या कामात टफन्ड काच आधी भट्टीत २९० अंशांच्या आसपास तापवून पाहतात. दुबळी असेल ती तिथेच फुटते. आणि उंचावर लॅमिनेटेड काच वापरतात, म्हणजे फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून राहते. दादाच्या इमारतीत एखादी काच अशी फुटली असती, तर मी म्हटलं असतं, बदला आणि पुढे चला. पण तिथे स्क्रू गेला होता. एका काचेचा स्क्रू गंजला, तर त्याच खोक्यातले, त्याच वर्षी, त्याच हातांनी बसवलेले बाकीचे हजारो स्क्रू कोणत्या अवस्थेत असतील? भूक गेली ती या प्रश्नाने.

ओवेन रोडचा कोपरा

जेवण न करता आम्ही सेरंगून रोडने तसेच पुढे चालत गेलो. वीरमाकालीअम्मन देवळावरून, मुस्तफावरून पुढे गेलं की ओवेन रोडचा कोपरा येतो. इथे हॉटेल न्यू वर्ल्ड नावाची सहा मजली इमारत होती. १५ मार्च १९८६ ला सकाळी साडेअकराच्या सुमारास ती मिनिटभराच्या आत कोसळली. ३३ माणसं गेली. १७ जणांना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. त्या वेळी सिंगापुरात एमआरटीचं काम चालू होतं. तिथे बोगदे खणणारे परदेशी तज्ज्ञ मदतीला धावले आणि त्यांनी ढिगाऱ्याखालून बोगदा खणून माणसं बाहेर काढली.

चौकशीत जे निघालं, ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने शिकलेलं असतं. इमारतीचा हिशेब करताना आत येणारी माणसं आणि सामान यांचं वजन धरलं होतं, पण इमारतीचं स्वतःचं वजन धरायचंच राहून गेलं होतं. पंधरा वर्षं ती उभी होती, म्हणून सगळ्यांना वाटलं की ती ठीक आहे.

सिंगापूरने यातून धडा घेतला तो कायद्याच्या रूपात. १९८९ च्या इमारत नियंत्रण कायद्याने दोन गोष्टी आणल्या. एक, आराखडा करणाऱ्या इंजिनियरचा हिशेब दुसऱ्या स्वतंत्र इंजिनियरने तपासायचा. दुसरी, उभ्या इमारतींची ठरावीक काळाने तपासणी. राहत्या इमारतींची दर १० वर्षांनी, बाकीच्यांची दर ५ वर्षांनी.

पण ही तपासणी सांगाड्याची होती. खांब, तुळया, स्लॅब. पुढच्या तीस वर्षांत शहराचा चेहरा काचेचा झाला, आणि इमारत धडधाकट असूनही तिच्या अंगावरचं काहीतरी सुटून खाली पडू शकतं हे दिसू लागलं. मग २०२० मध्ये कायद्यात सुधारणा झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून दर्शनी भागाची वेगळी तपासणी सक्तीची झाली. नियम सोपा आहे. १३ मीटरपेक्षा उंच आणि २० वर्षांपेक्षा जुनी इमारत असेल, तर दर ७ वर्षांनी तपासणी. सरकारचं बांधकाम प्राधिकरण, बीसीए, मालकाला नोटीस देतं. मालकाने प्रशिक्षित इंजिनियर किंवा आर्किटेक्ट नेमायचा. त्याने सगळा दर्शनी भाग नजरेखालून घालायचा, हल्ली ड्रोनने, आणि प्रत्येक बाजूचा किमान १० टक्के भाग हात पोचेल इतक्या जवळून तपासायचा. दोष सापडला तर दुरुस्ती मालकाच्या खर्चाने.

हे '१० टक्के हाताने' मला फार महत्त्वाचं वाटतं. ड्रोनला तडा दिसतो, सैल स्क्रू दिसत नाही. तो कळायला दोरावर लोंबकळणारा माणूस लागतो, जो पट्टी दाबून बघतो, टोपी काढून आत डोकावतो. आमच्याबरोबर दोरावर काम करणारा एक जण तंजावरजवळचा आहे. मी मराठी म्हटल्यावर त्याने पहिल्या दिवशी सरफोजी राजांची आठवण काढली होती. तो म्हणतो, "सार, काच बोलते. नीट बसलेली असेल तर ठोकल्यावर एक आवाज, सुटलेली असेल तर दुसरा." रविवारी तोही इथेच, रेसकोर्स रोडच्या मैदानावर मित्रांबरोबर बसलेला असतो. त्या दिवशी भेटला. मी त्याला दादाचा दुसरा फोटो दाखवला. त्याने एकदा बघितलं आणि म्हणाला, "खालून दोरी बांधून रस्ता बंद करायला सांगा, आजच."

सिंगापुरात सगळं आलबेल आहे, असं मी म्हणणार नाही. इथेही मालक कुरकुरतात. लहान इमारतीत चार मालक असले, की तपासणीच्या बिलावरून चार मतं होतात. नोटीस आल्याशिवाय हलायचं नाही, ही वृत्ती काही भारताचीच मक्तेदारी नाही. फरक इतकाच की इथे नोटीस येते.

तीस वर्षांची वाट कशाला?

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीच्या मालकाने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र सादर करायचं असतं, आणि नंतर दर १० वर्षांनी. इतर महापालिकांच्या कायद्यातही याच धर्तीची तरतूद आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. काच कोणती वापरावी, कशी बसवावी याचंही मानक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काचेवर स्वतंत्र विभाग आहे.

मग अडतं कुठे? कायद्याची नजर मुख्यतः सांगाड्यावर आहे. ते स्वाभाविकही आहे. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या चाळी कोसळतात, माणसं जातात. पण सांगाडा आणि दर्शनी भाग यांचं वय वेगळं मोजायला हवं. काँक्रीटचा खांब ३० वर्षांत तरुण असतो. गॅस्केट, स्क्रू आणि सिलिकॉन तोपर्यंत पेन्शनीत गेलेले असतात. दादाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं २००६ मध्ये. सिंगापूरच्या नियमाने ती २०२६ पासून तपासणीच्या कक्षेत येते. आपल्या ३० वर्षांच्या नियमाने २०३६ मध्ये, आणि तेव्हाही इंजिनियर तळघरातले खांब ठोकून बघेल, पाचव्या मजल्यावरचा स्क्रू बघेलच असं नाही.

आता जरा आजूबाजूला पाहा. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, ऐरोली. आयटीच्या लाटेत २००० नंतर उठलेल्या काचेच्या इमारतींची पहिली पिढी आता विशीत आहे. एकाच वेळी बांधलेल्या गोष्टी एकाच वेळी म्हाताऱ्या होतात. येत्या दहा वर्षांत हा प्रश्न एका दादाच्या इमारतीपुरता राहणार नाही.

दोन घटना आठवा. १८ जुलै २०१४ ला अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कला आग लागली. वर अडकलेल्या जवानांना बाहेर काढता काढता अग्निशमन दलाचा एक जवान गेला. बंदिस्त काचेच्या इमारतीत धूर कोंडतो आणि बाहेरून आत शिरणं अवघड होतं, ही चर्चा तेव्हा खूप झाली. दुसरी, १३ मे २०२४, घाटकोपर. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ जण गेले. ते १२० फूट बाय १२० फुटांचं होतं, परवानगी असते ४० बाय ४० ची. होर्डिंग आणि काचेची भिंत या वेगळ्या गोष्टी आहेत, पण वाऱ्याचा हिशेब तोच. मोठा सपाट पृष्ठभाग उभा केला की वारा त्याला ढकलणार, आणि शेवटी प्रश्न एवढाच उरतो की त्याला मागून काय धरून ठेवलंय. घाटकोपरनंतर शहरभरच्या होर्डिंगची तपासणी सुरू झाली. माणसं गेल्यावर. सिंगापूरचा १९८६ नंतरचा कायदाही माणसं गेल्यावरच आला, हे मान्य केलं पाहिजे. पण दर्शनी भागाची तपासणी त्यांनी मोठ्या दुर्घटनेची वाट न पाहता आणली. शिकायचं ते हे.

कुणी म्हणेल, अहो, गटारं तुंबतात, पूल पडतात, तिथे काचेचं काय घेऊन बसलात? म्हणणं चुकीचं नाही. पण या इमारतींचे मालक गरीब नाहीत. सरकारी तिजोरीतून एक रुपया न काढता हा नियम करता येतो. महापालिकेने फक्त यादी करायची, वयाप्रमाणे नोटीस काढायची, आणि अहवाल आला नाही तर भोगवटा रोखायचा. अवघड आहे ते माणसांचं. दर्शनी भाग तपासू शकणारे प्रशिक्षित इंजिनियर हवेत, नाहीतर प्रमाणपत्र म्हणजे नुसता शिक्का होईल. सही करणाऱ्याने दोरावरचा माणूस वर पाठवला होता का, हे अहवालात फोटोसकट दिसलं पाहिजे.

माझंही थोडं चुकलंच

दोन दिवसांनी मालकांची ऑनलाइन मीटिंग झाली. तिकडे रात्री साडेआठ, इथे अकरा. निम्मे मालक परदेशात. कमिटीचं म्हणणं, काच बदलून टाकू, काही हजारांत काम होईल. पूर्ण तपासणीला काही लाख लागतील. एक काका म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही, आता एक पडली म्हणून काय सगळी बिल्डिंग सोलायची का?"

मी त्यांना बॉस्टनची गोष्ट सांगितली. तिथल्या साठ मजली जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा १९७३ मध्ये वाऱ्यात सुटून पडू लागल्या. पडलेल्या जागी प्लायवूड लावत गेले. इतकं, की लोक त्याला प्लायवूडचा महाल म्हणू लागले. शेवटी कळलं की दोन काचांना जोडणारा सांधा गरजेपेक्षा कडक होता. काच हलायची, सांधा हलत नव्हता, मग काच तडकायची. एका काचेतला दोष सगळ्यांत होता. सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या.

काकांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "तुम्ही एक्स्पर्ट आहात, मान्य. पण तीन वर्षांपूर्वी मेंटेनन्स वाढवायचा ठराव आला होता, तेव्हा तुम्ही काय मत दिलं होतं?"

मला आठवत होतं. मी विरोधात मत दिलं होतं. इथे बसून, फोनवर अंगठा टेकवून. भाडं वाढत नाहीये आणि मेंटेनन्स कशाला वाढवायचा, एवढाच विचार केला होता. त्या ठरावात बाहेरच्या बाजूची डागडुजी, सील बदलणं हे होतं की नाही, ते मी वाचलंही नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींचे स्क्रू तपासणारा माणूस स्वतःच्या इमारतीचा ठराव न वाचता मोकळा झाला. मी तसं कबूल केलं. मीटिंगमध्ये क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग दादानेच विषय पुढे नेला.

शेवटी ठरलं ते असं. प्रवेशदाराच्या बाजूची दर्शनी भिंत आधी दोरावरून तपासायची, प्रत्येक पट्टीची टोपी काढून. तोवर खाली कठडे लावून फूटपाथ बंद. दारावर पक्कं पत्र्याचं छप्पर बसवायचं. बाकीच्या तीन बाजूंचा निर्णय वार्षिक सभेत. मला हवं होतं त्याच्या निम्मंच झालं. पण शून्यापेक्षा निम्मं बरं. दादाने मीटिंगनंतर फोन केला. म्हणाला, "अरे, आई दर गुरुवारी मला डबा द्यायला त्याच दारातून येते." मला ते माहीत नव्हतं.

त्या छपरावरून आठवलं. लिटिल इंडियातल्या जुन्या दुकानघरांपुढे पाच फुटी झाकलेली वाट असते, आपल्या वाड्यांच्या पडवीसारखी. पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, आणि वरून कौल निसटलं तरी डोक्यात पडत नाही. काचेच्या इमारती बांधताना ही पडवी आपण काढून टाकली. ती परत आणायला कुठल्याही संशोधनाची गरज नाही.

इथेच, क्लाइव्ह स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, २०१५ मध्ये उघडलेलं इंडियन हेरिटेज सेंटर आहे. त्याच्या दर्शनी भागाची कल्पना बारवेवरून घेतली आहे. दिवसा चकाकणारी अर्धपारदर्शक काच, आणि रात्री आत दिवे लागले की मागचं भित्तिचित्र आणि जिना कंदिलासारखे उजळतात. साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटांची विहीर पाहिलेल्या माणसाला ते बघून बरं वाटतं. पण मी मुलांना तिथे नेतो तेव्हा संध्याकाळी नेतो, दिवे लागायच्या वेळेला. कारण तेव्हा काचेच्या मागचं दिसायला लागतं. बारवेत दगडाला दगड टेकलेला असतो, एकमेकांच्या भारावर शेकडो वर्षं उभा. काच तशी टेकून राहत नाही. तिला कुणीतरी सतत धरून ठेवावं लागतं.

विमानतळावरची भिंत

पाचवी पद्धत सांगायची राहिली होती. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचं टर्मिनल २, फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झालं. वर उड्डाणाच्या मजल्यावर गाडीतून उतरलं की समोर जी पन्नास फूट उंच काचेची भिंत दिसते, ती ताणलेल्या पोलादी दोरांवर उभी आहे. तिचा आराखडा करणाऱ्या एसओएम या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे अशा प्रकारची ही जगातली सर्वात लांब भिंत. तत्त्व आपल्या सुतळीने विणलेल्या बाजेचं. दोर जितका ताणलेला तितका तो कमी झोळतो, आणि दोरांची सगळी ओढ शेवटी बाजेच्या लाकडी माच्यावर येते. माचा भक्कम नसेल तर दोर कितीही चांगले असोत, बाज वाकते. वारा आला की ही भिंत थोडी आत-बाहेर होते, आणि ते तसंच ठरवलेलं असतं.

ती काच तिथे का ठेवली, याचं कारण आपल्याला चांगलं कळतं. आपल्याकडे सोडायला आलेल्यांना आत जाता येत नाही. भिंत पारदर्शक असली, की ते बाहेर उभे राहून आपल्याला चेक-इनच्या रांगेपर्यंत बघू शकतात. आराखडा करणाऱ्यांनी हा विचार केला होता. गेल्या खेपेला आई तिथेच उभी होती, तळहात काचेला टेकवून. आणि मी व्यवसायाच्या सवयीने वरचे क्लॅम्प बघत होतो.

तुम्हाला क्लॅम्प बघायची गरज नाही. पण गावाकडे तुमचं काचेच्या इमारतीत काही असेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये चार प्रश्न विचारा. भोगवटा प्रमाणपत्र कोणत्या वर्षीचं? बाहेरच्या काचेची तपासणी शेवटची कधी झाली, आणि कुणी हात लावून बघितलं का? काच लॅमिनेटेड आहे की नुसती टफन्ड? दाराच्या वर छप्पर आहे का? उत्तरं मिळाली नाहीत, तर तेही एक उत्तरच आहे. आणि मेंटेनन्सचा ठराव आला, तर मत देण्याआधी तो वाचा. मी वाचला नव्हता.

दोरावरचे लोक पुढच्या आठवड्यात दादाच्या इमारतीवर चढणार आहेत. तोवर आईला मागच्या दाराने यायला सांगितलं आहे.